धुक्यातलं लँडिंग: आकडा कुठपर्यंत चालतो आणि डोळा कुठून सुरू होतो

तीनअंश (धागाकर्ता)

दर हिवाळ्यात दिल्ली-अमृतसरच्या धुक्याच्या बातम्या आल्या की तेच दोन प्रश्न फिरत राहतात. ५० मीटरला विमान उतरू शकतं, तर अमुक विमान २०० मीटर असताना जयपूरला का वळवलं? आणि धावपट्टी दिसत होती म्हणतात, तरी वैमानिक परत वर का गेला? दोन्हींची उत्तरं एकाच नियमात शोधायला गेलं की घोळ होतो. इथे दोन निराळे नियम आहेत आणि ते निराळ्या उंचीला लागू होतात.

पहिला आकड्याचा. कळवलेली दृश्यमानता किंवा कंट्रोलिंग आरव्हीआर (धावपट्टीवर किती अंतरापर्यंत दिसेल याचा हिशेबाने काढलेला आकडा) तुमच्या मिनिमापेक्षा, म्हणजे उतरायला लागणाऱ्या किमान आकड्यापेक्षा, कमी असेल, तर विमानतळाच्या उंचीपासून १००० फुटांच्या खाली, किंवा अंतिम ॲप्रोच (धावपट्टीकडे उतरत येण्याच्या) टप्प्यात, उतरायचंच नाही. यालाच ॲप्रोच बॅन म्हणतात. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) सहाव्या परिशिष्टात हा नियम आहे आणि डीजीसीएचा (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) नियमही त्याच धर्तीचा आहे. या पायरीला वैमानिकाला काय दिसतंय याला किंमत नाही. वरून अख्खी धावपट्टी दिसत असली तरी आकडा कमी आहे म्हणजे जायचं नाही.

दुसरा डोळ्याचा. १००० फुटांखाली आल्यावर आकडा घसरला, तर डिसिजन अल्टिट्यूडपर्यंत, म्हणजे उतरायचं की नाही ते ठरवण्याच्या उंचीपर्यंत, ॲप्रोच चालू ठेवता येतो. पण तिथे पोचल्यावर ठरलेली दृश्य खूण दिसलीच पाहिजे, आणि त्या खुणेवरून विमान मधल्या रेषेवर आहे, नीट खाली चाललंय हे कळलं पाहिजे. नाही कळलं तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून परत वर जायचं. टॉवरने त्या क्षणी २००० मीटर सांगितले तरी फरक पडत नाही.

आयएलएसवरच्या (विमानाला रेडिओ सिग्नलने धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा) ॲप्रोचच्या कॅटेगरी, म्हणजे कॅट, सगळ्यांना माहीत असतील, तरी एकदा लिहून ठेवतो. कॅट एक: डिसिजन हाइट (तीच ठरवण्याची उंची, जमिनीपासून मोजलेली) २०० फुटांपेक्षा कमी नाही, आरव्हीआर किमान ५५० मीटर, आरव्हीआर मोजण्याची सोय नसेल तर दृश्यमानता ८०० मीटर. कॅट दोन: १०० ते २०० फूट, ३०० मीटर. कॅट तीन-ए: १०० फुटांखाली, १७५ मीटर. कॅट तीन-बी: ५० फुटांखाली किंवा डिसिजन हाइटच नाही, ५० मीटरपर्यंत. आयकाओने पुढे तीनचे ए-बी-सी हे पोटभाग काढून टाकले, पण बोलण्यात आणि कंपन्यांच्या कागदांत ते अजून टिकून आहेत. शिवाय हे सगळे तळाचे आकडे आहेत. प्रत्यक्ष चार्टवर अडथळे, दिवे, विमानाचा वर्ग पाहून मिनिमा वाढतात.

डीजीसीए_तयारी

परीक्षेच्या तयारीत याच ठिकाणी गाडी अडते. समजा कॅट एकचा ॲप्रोच आहे, मिनिमा ५५०. १००० फुटांना आरव्हीआर ६०० होता. ६०० फुटांवर असताना टॉवर म्हणतो ४५०. काही नोट्समध्ये 'ताबडतोब गो-अराउंड' असं लिहिलंय. बरोबर कोण?

तीनअंश

नोट्स चुकीच्या आहेत. १००० फुटांखाली आल्यावर तो ४५० तुम्हाला थांबवत नाही. २०० फुटांपर्यंत जा, तिथे खूण दिसली आणि विमान जागेवर असलं तर उतरा.

यामागचं कारण समजून घेतलं की परत विसरायला होत नाही. टॉवर सांगतो तो एका मिनिटाच्या सरासरीचा आकडा असतो आणि धुक्यात तो सारखा वरखाली होतो. शेवटच्या १००० फुटांत वैमानिकांनी दर नव्या आकड्यावर निर्णय बदलायचा ठरवला, तर लक्ष लोकलायझर-ग्लाइड स्लोपवर (आयएलएसचे दिशा आणि उतार दाखवणारे सिग्नल) राहणार नाही. म्हणून नियमाने एक जागा नेमून दिली: इथपर्यंत आकडा बघा, नंतर तो सोडा.

याच्या उलटी चूकही होते. १००० फुटांना आकडा कमी असतो आणि 'खाली जाईपर्यंत वाढेल' म्हणून पुढे जातात. ते थेट उल्लंघन आहे, मग लँडिंग कितीही सुरेख झालेलं असो.

धुकेमापक

आरव्हीआरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'आरव्हीआर म्हणजे वैमानिकाला दिसणारं अंतर' असं समजून पुढचं सगळं वाचलं जातं.

आरव्हीआर थेट मोजला जात नाही, हिशेब करून काढला जातो. ट्रान्समिसोमीटरमध्ये एका टोकाला प्रकाश सोडणारा भाग आणि दुसऱ्या टोकाला तो टिपणारा भाग असतो. मधल्या ठरावीक अंतरात किती प्रकाश गळाला यावरून हवेची अपारदर्शकता कळते. त्यात आणखी दोन गोष्टी घालाव्या लागतात: आजूबाजूच्या उजेडाची पातळी आणि धावपट्टीचे दिवे त्या वेळी किती तेजावर लावले आहेत. भर दिवसा काळ्या डांबरावरच्या पांढऱ्या खुणा किती लांबून ओळखू येतील हे कॉश्मीडरच्या सूत्राने, आणि दिवे किती लांबून दिसतील हे अलार्डच्या सूत्राने काढतात. जो आकडा मोठा तो कळवतात.

आता यातून काय होतं ते बघा. धुकं तेवढंच असताना टॉवरने दिव्यांचं तेज कमी केलं तर आरव्हीआर खाली येतो. पहाट होऊन आभाळ उजळायला लागलं की धुकं जराही वाढलं नसताना आकडा पडतो, कारण उजळलेल्या पार्श्वभूमीवर दिवा कमी उठून दिसतो. त्यात सूर्योदयानंतर जमिनीलगतची हवा ढवळली जाऊन धुकं खरंच दाटतं. दोन्ही एकदम आलं की सकाळी सहाला ३५० असलेला आकडा साडेसातला १०० होतो.

यंत्रं धावपट्टीच्या कडेला साधारण अडीच मीटर उंचीवर असतात: पहिलं थ्रेशोल्डपासून (धावपट्टीच्या सुरुवातीपासून) सुमारे ३०० मीटर आत, दुसरं मध्यावर, तिसरं पलीकडच्या टोकापासून ३०० मीटर आत. कॅट दोनला पहिली दोन लागतात, कॅट तीनला तिन्ही. भारतात बऱ्याच विमानतळांवर बेंगळुरूच्या एनएएलने तयार केलेलं 'दृष्टी' हे ट्रान्समिसोमीटर आहे, हवामान खात्याबरोबरच्या कामातून बसवलेलं.

बिघाड कुठे होतो? काच मळली की प्रकाश वाटेत गळल्यासारखा वाटतो आणि आकडा उगाच कमी येतो. फॉरवर्ड स्कॅटर पद्धतीच्या यंत्रात कोळ्याच्या जाळ्यानेही हेच होतं. दोन्ही चुका सुरक्षित बाजूच्या, पण विमानं मात्र विनाकारण वळतात. म्हणून धुक्याच्या मोसमात काचा पुसण्याचं वेळापत्रक काटेकोर पाळावं लागतं.

मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, 'आर२८/०३५०यू' असं दिसतं ते असं वाचा: धावपट्टी २८, ३५० मीटर, कल वाढण्याकडे. डी म्हणजे घसरतोय, एन म्हणजे बदल नाही. पण मेटारमधला आकडा दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो. ॲप्रोच बॅनसाठी टॉवरने सांगितलेला ताजा आकडाच धरायचा.

डीजीसीए_तयारी

आणि आरव्हीआर मोजायचं यंत्रच नसेल तर? सीएमव्हीचं (दृश्यमानतेवरून आरव्हीआरसारखा आकडा काढण्याचं) कोष्टक पाठ आहे, वापरायचं कधी ते स्पष्ट नाही.

धुकेमापक

तीव्र ॲप्रोच लाइट आणि तीव्र धावपट्टी दिवे चालू असतील तर कळवलेल्या दृश्यमानतेला दिवसा दीडने, रात्री दोनने गुणायचं. इतर प्रकारचे दिवे असतील तर दिवसा एक, रात्री दीड. दिवे नाहीतच तर दिवसा एक, आणि रात्री वापरायचंच नाही. म्हणजे रात्री, चांगले दिवे, दृश्यमानता ५०० मीटर: सीएमव्ही १०००.

तीन ठिकाणी हे कोष्टक बंद: टेकऑफसाठी, कॅट दोन-तीनसाठी, आणि आरव्हीआर उपलब्ध असताना. तिसरी अट लोक विसरतात. आरव्हीआर ४५० सांगितलाय आणि दृश्यमानता ४०० आहे, तर 'चारशे गुणिले दीड सहाशे, चला' असं करता येत नाही.

तीनअंश

धुकेमापक, फार उपयोगी लिहिलंत. त्याला जोडून कॉकपिटच्या बाजूने एक हिशेब मांडतो. हा एकदा कागदावर करून बघितला की मिनिमाचे आकडे कुठून आले ते उमगतं.

तीन अंशांचा ग्लाइड पाथ. २०० फूट म्हणजे ६१ मीटर. भागिले टॅन ३, म्हणजे विमान ग्लाइड पाथ जिथे जमिनीला भिडतो तिथून साधारण ११६० मीटर मागे आहे. थ्रेशोल्डवरून ५० फुटांनी जायचं असतं, म्हणून तो बिंदू थ्रेशोल्डच्या सुमारे २९० मीटर आत असतो. वजा केलं की उरतात ८७० मीटर. म्हणजे कॅट एकच्या डिसिजन हाइटला थ्रेशोल्ड तुमच्यापासून ८७० मीटरवर आहे आणि आरव्हीआर आहे ५५०. धावपट्टी दिसणारच नाही. दिसायला हवेत ते ॲप्रोच लाइट. पूर्ण लांबीची ॲप्रोच लाइटची रांग ९०० मीटर असते, म्हणजे तुम्ही बरोबर तिच्या पहिल्या दिव्याच्या डोक्यावर आहात.

पुढे. समोरच्या नाकाडामुळे वैमानिकाला अगदी पायाखालचं दिसत नाही. हा कट-ऑफ कोन १५ अंश धरला तर २०० फुटांना पुढची सुमारे २३० मीटर जमीन झाकलेली असते. ५५० मधून ती गेली की राहतात ३२० मीटर. मधल्या रेषेचे दिवे ३० मीटरला एक, म्हणजे दहाएक दिवे आणि त्यात एखादी आडवी पट्टी. एवढ्यावर निर्णय घ्यायचा असतो.

याच हिशेबाने दिवे बिघडले की मिनिमा का वाढतो तेही कळतं. २०० फुटांच्या डिसिजन हाइटला पूर्ण लांबीचे ॲप्रोच लाइट (७२० मीटरपासून पुढे) असतील तर ५५०, मध्यम (४२० ते ७१९) असतील तर ७५०, आखूड (२१० ते ४१९) असतील तर १०००, आणि काहीच नसतील तर १२००. रांग जितकी आखूड तितका पहिला दिवा लांब, म्हणून तितकं जास्त दिसायला हवं. नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनेत) 'ॲप्रोच लाइट बंद' वाचलं की हा बदल ब्रीफिंगमध्येच करायचा, हवेत नाही.

सीटची उंचीही इथे मोजायला लागते. १०० फुटांना कट-ऑफ कोन १५ चा १४ झाला तर आठेक मीटर जमीन आणखी झाकली जाते. कॅट दोनला एकूण दिसणारा पट्टा १८० मीटरच्या आसपास असतो, त्यातले आठ मीटर नुसत्या खाली ठेवलेल्या सीटमुळे जातात. एअरबसमध्ये मधल्या खांबावर डोळ्याची उंची जुळवायचे गोळे असतात ते त्यासाठीच. बसल्यावर आधी ते जुळवा.

ॲरिझोना_मराठी

आपल्याकडची बरीच मुलं अमेरिकेत लायसन्स काढून मग डीजीसीएचं रूपांतर करतात. त्यांच्यासाठी हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही पद्धतींत पहिला नियमच वेगळा आहे.

अमेरिकेच्या नियामक संस्थेच्या, एफएएच्या, भाग ९१ खाली, म्हणजे खाजगी उड्डाणाला, ॲप्रोच बॅन नाही. आकडा कितीही कमी असो, ॲप्रोच सुरू करून डिसिजन अल्टिट्यूडपर्यंत जाऊन बघता येतं. एअरलाइनसाठी, भाग १२१ खाली, बॅन आहे, पण तो १००० फुटांशी नाही, अंतिम ॲप्रोच टप्प्याच्या सुरुवातीशी बांधलेला आहे.

त्याच्या बदल्यात खालचा नियम, ९१.१७५, शब्दाशब्दाने कडक आहे. डिसिजन अल्टिट्यूडखाली जायला तीन अटी एकाच वेळी हव्यात. एक, विमान सतत अशा जागी हवं की नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या वळणाने उतरता येईल. दोन, फ्लाइट व्हिजिबिलिटी, म्हणजे कॉकपिटमधून पुढे दिसणारं अंतर, चार्टवरच्या आकड्याइतकं हवं. तीन, नेमून दिलेल्या दहा खुणांपैकी किमान एक स्पष्ट दिसून ओळखता आली पाहिजे: ॲप्रोच लाइट, थ्रेशोल्ड, त्याच्या खुणा, त्याचे दिवे, धावपट्टीच्या टोकाचे लुकलुकणारे दिवे, व्हासी (उतार बरोबर आहे का ते दाखवणारे दिवे), टचडाउन झोन (चाकं टेकण्याचा पट्टा) किंवा त्याच्या खुणा, त्याचे दिवे, धावपट्टी किंवा तिच्या खुणा, धावपट्टीचे दिवे.

यात एक पोटअट आहे आणि तोंडी परीक्षेत ती विचारतातच. नुसते ॲप्रोच लाइट दिसत असतील तर टचडाउन झोनपासून १०० फुटांपर्यंतच जाता येतं. त्याखाली जायचं तर दिव्यांमधल्या लाल पट्ट्या, रांगेच्या शेवटच्या किंवा दोन्ही बाजूंच्या, दिसल्या पाहिजेत, नाहीतर बाकी नऊपैकी एखादी खूण. तीनअंश यांच्या हिशेबात १०० फूट घालून बघा: विमान थ्रेशोल्डपासून २९० मीटरवर येतं. कॅट दोन-तीनच्या दिव्यांत बाजूच्या लाल पट्ट्या शेवटच्या ३०० मीटरमध्येच असतात. लाल दिसलं म्हणजे तुम्ही रांगेच्या कुठल्या भागावर आहात हे नक्की झालं. नुसत्या पांढऱ्या दिव्यांवरून ते कळत नाही.

भारतात परत येणाऱ्यांनी एक सवय मोडायला हवी. 'जाऊन तर बघू' हे भाग ९१ मध्ये कायदेशीर आहे. इथे १००० फुटांना आकडा नसेल तर तीच गोष्ट बेकायदा आहे.

सह्याद्री७२

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय: एकाच धावपट्टीवर एक उतरतं, दुसरं वळतं.

मिनिमा विमानतळाचा एकट्याचा नसतो. धावपट्टी, विमान, कंपनीची परवानगी आणि दोन्ही वैमानिकांची पात्रता, या चौघांत जो सगळ्यात कमकुवत, त्याचा मिनिमा लागू. दिल्लीत कॅट तीन-बी आहे, पण एटीआर ७२ मध्ये ऑटोलँडच (आपोआप उतरण्याची सोय) नाही, ते फार तर कॅट दोनचं. म्हणजे ३०० च्या खाली एटीआर वळणारच. एअरबस ३२० कॅट तीनचं आहे, पण को-पायलटची कॅट तीनची पात्रता नसेल किंवा तिची मुदत संपली असेल, तर तेच विमान कॅट एकच्या ५५० वर येतं. डिसेंबर २०२३ च्या शेवटी दिल्लीतून विमानं वळली, त्यानंतर कॅट तीनची पात्रता नसलेले वैमानिक रोस्टरवर लावल्याबद्दल डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये दोन कंपन्यांना प्रत्येकी ३० लाख रुपये दंड केला.

प्रवाशांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे टेकऑफ. उतरायला ५० मीटर चालतात, पण उडायला १२५ लागतात. टेकऑफच्या वेगात इंजिन गेलं तर विमान मधल्या रेषेवर हाताने धरून ठेवायचं असतं, ते डोळ्यानेच करायचं. त्यामुळे ७५ मीटरला विमानं उतरत राहतात आणि उडत मात्र नाहीत. तासाभरात पार्किंग भरतं, मग उतरणाऱ्यांनाही जागा उरत नाही. पुष्कळदा विमान वळण्याचं खरं कारण हे असतं.

थांबरेषा

टॉवरच्या बाजूने भर घालतो. कॅट दोन-तीन चालवायचं तर विमानतळावर लो व्हिजिबिलिटी प्रोसिजर, एलव्हीपी, लागू असावीच लागते. आकडा घसरायला लागला की तयारी सुरू होते आणि सगळं तपासून झाल्यावरच 'एलव्हीपी चालू' असं जाहीर होतं.

त्यात मुख्य राखण आयएलएसच्या सिग्नलची. लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो. त्याच्या समोर मोठं विमान आलं की सिग्नल परावर्तित होऊन वाकतो. म्हणून एलव्हीपीत बाहेर पडणाऱ्या विमानांना मागच्या थांबरेषेवर, लाल स्टॉप बारशी, उभं करतात. उतरलेलं विमान सेन्सिटिव्ह एरियाच्या (जिथे विमान असलं की सिग्नल वाकतो तो भाग) बाहेर गेल्याशिवाय मागच्याला लँडिंग क्लिअरन्स मिळत नाही, आणि तो साधारण दोन नॉटिकल मैल उरायच्या आत द्यावा लागतो. म्हणून विमानांमधलं अंतर वाढवतात, तासाला उतरणारी विमानं घटतात आणि वर होल्डिंग साचतं.

हे राखण नसताना काय होतं त्याचं ठळक उदाहरण म्युनिकचं आहे. ३ नोव्हेंबर २०११, सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७. हवा कॅट एकची, एलव्हीपी लागू नव्हती, वैमानिकांनी ऑटोलँड लावलं होतं. त्याच धावपट्टीवरून आधी उडालेलं छोटं जेट लोकलायझरवरून जात असताना सिग्नल वाकला, ऑटोपायलट त्या वाकलेल्या सिग्नलच्या मागे गेला आणि विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं. जीवितहानी झाली नाही. चांगल्या हवेत सरावासाठी ऑटोलँड करणाऱ्यांनी टॉवरला आधी सांगावं, आणि सिग्नल राखलेला नाही हे धरून हात कंट्रोलवर ठेवावेत.

दुसरी गोष्ट वीज. कॅट दोन-तीनला धावपट्टीच्या मधल्या रेषेचे, टचडाउन झोनचे आणि थ्रेशोल्डचे दिवे, तसंच ॲप्रोच लाइटचे शेवटचे ३०० मीटर, मुख्य वीज गेल्यावर एका सेकंदात परत लागले पाहिजेत. कॅट एकला १५ सेकंद चालतात. सेकंदाला ७० मीटर जाणाऱ्या विमानाला १५ सेकंद म्हणजे किलोमीटरभर अंधार. म्हणून एलव्हीपीत जनरेटर आधीच चालू करून ठेवलेला असतो.

डीजीसीए_तयारी

कॅट दोनला 'तीन दिवे दिसले की झालं' असं वाचलंय. तीन कुठलेही?

तीनअंश

तीन सलग दिवे, आणि ते ॲप्रोचच्या मधल्या रेषेचे, टचडाउन झोनचे, धावपट्टीच्या मधल्या रेषेचे किंवा कडेचे, किंवा यांचं मिश्रण. शिवाय कॅट दोनला त्यात एक आडवा घटक हवाच: ॲप्रोच लाइटची आडवी पट्टी, थ्रेशोल्ड किंवा टचडाउन झोनची छोटी पट्टी. कारण एका रेषेतले तीन दिवे तुम्ही रेषेच्या कुठल्या बाजूला आहात ते सांगतात, पंख कलला आहे का ते सांगत नाहीत. ते आडव्या पट्टीवरून कळतं.

कॅट तीन-ए ला तीन सलग दिवे पुरतात, कारण विमान ऑटोपायलट उतरवत असतो. तीन-बी ला डिसिजन हाइट असेल तर मधल्या रेषेचा एक दिवा. डिसिजन हाइट नसेल तर बाहेर काहीही दिसण्याची अट नाही. तिथे नजर यंत्रणेवर: एअरबस ३२० ला ४०० फुटांखाली लँड मोड लागतो, ३५० ला तो दिसला नाही तर गो-अराउंड. २०० फुटांखाली लाल ऑटोलँड दिवा लागला आणि पुरेसं दिसत नसलं तर गो-अराउंड. १०० फुटांच्या अलर्ट हाइटच्या वर बिघाड झाला तर क्षमता कमी धरून नव्याने ठरवायचं.

सह्याद्री७२

धुकं सोडून पावसाचंही बोलायला हवं, आपल्याकडे मुंबई-गोव्याला तोच त्रास जास्त. पावसात आकडा मिनिटभरात ३००० चा ८०० होतो, पण आकड्यापेक्षाही काच घात करते. काचेवरच्या पाण्याच्या थरातून प्रकाश वाकतो, धावपट्टी असते त्याहून खाली वाटते, विमान उंच आल्यासारखं वाटतं आणि हात नकळत नाक खाली दाबतो.

वायपर हा म्हणूनच मिनिमाचा भाग समजा. कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० ला झालेल्या अपघातात कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता हे चौकशी अहवालात आहे. पहिल्या ॲप्रोचनंतर गो-अराउंड, मग उलट बाजूने धावपट्टी १० वर, मागून वारा. चाकं टेकली ती ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४४३८ फूट गेल्यावर. २१ जण गेले. ॲप्रोच स्थिर नसताना चालू ठेवणं आणि टचडाउन झोनच्या पुढे उतरणं यावर अहवालाचा भर आहे. धावपट्टी 'दिसली' एवढ्याने दुसरी अट पूर्ण होत नाही, विमान जागेवरही हवं, याचं याहून दुःखद उदाहरण नाही.

आणि आयएलएस नसलेल्या विमानतळांचं गणितच वेगळं. नोव्हेंबर २०१९ मध्ये शिर्डीची विमानं कमी दृश्यमानतेमुळे बरेच दिवस बंद होती, तेव्हा तिथे आयएलएस नव्हतं. नजरेच्या नियमाने उतरायचं तर ५००० मीटर लागतात. हिवाळ्यातल्या सकाळी गोदावरीच्या पट्ट्यात तेवढं मिळत नाही. विमानतळ उघडा, धावपट्टी कोरडी, आणि विमान एकही नाही.

ॲरिझोना_मराठी

नॉन-प्रिसिजनवरही (ग्लाइड स्लोप नसलेला ॲप्रोच) दोन ओळी. तिथे डिसिजन अल्टिट्यूडऐवजी (डीए) एमडीए, म्हणजे उतरायची किमान उंची, असतो आणि त्याखाली एक फूटही जायचं नाही. डीएवर गो-अराउंड घेताना विमान थोडं खाली बुडतं, ते हिशेबात धरलेलं असतं. एमडीएला तसं नाही. म्हणून सतत उतरत येणारा ॲप्रोच करताना कित्येक कंपन्या एमडीएत ५० फूट मिळवून तो डीएसारखा वापरतात. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरून एमडीएवर धावपट्टी शोधत सपाट उडणं ही जुनी पद्धत, तिच्यात उशिरा दिसून एकदम खाली डोकावण्याचा मोह होतो.

यावर आता उपग्रहाचा पर्याय आलाय. गगन (भारताची उपग्रह मार्गदर्शन यंत्रणा) वापरून एलपीव्ही (उपग्रहावरून दिशा आणि उतार दोन्ही दाखवणारा) ॲप्रोच करता येतो, मिनिमा २५० फुटांपर्यंत येऊ शकतो. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एटीआरने तसा ॲप्रोच केला. जमिनीवर आयएलएसचा अँटेना लागत नाही, म्हणून छोट्या विमानतळांना हा मोठा फायदा आहे. ॲप्रोच लाइट मात्र तरीही लागतात, नाहीतर वरच्या कोष्टकाप्रमाणे आरव्हीआरची अट मोठीच राहते.

डीजीसीए_तयारी

मग कॅट एक किंवा नॉन-प्रिसिजनला रेडिओ अल्टिमीटर का वापरत नाहीत? तो तर जास्त अचूक.

तीनअंश

अचूक आहे, पण तो बरोबर पोटाखालची जमीन मोजतो. धावपट्टीच्या अलीकडे दरी असेल तर तो उंची जास्त दाखवतो. १० एप्रिल २०१० ला स्मोलेन्स्कला पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचं टीयू-१५४ धुक्यात पडलं, ९६ जण गेले. तिथे आयएलएस नव्हतं, धावपट्टीच्या आधी दरी होती आणि नॅव्हिगेटर उंची वाचत होता ती रेडिओ अल्टिमीटरची. विमान खाली येतच होतं, पण जमीनही खाली जात असल्याने वाचलेली उंची खरी धोक्याची कल्पना देत नव्हती.

कॅट दोन-तीनच्या धावपट्ट्यांना थ्रेशोल्डआधीची जमीन मोजून, सपाट ठेवून मंजूर केलेली असते, म्हणून तिथे रेडिओ अल्टिमीटर चालतो. बाकी ठिकाणी बॅरोमीटरची उंची आणि नीट लावलेला क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा स्थानिक हवेचा दाब).

डीजीसीए_तयारी

शेवटचा प्रश्न. कॅट एक, २०० फुटांना दिवे दिसले, 'लँडिंग' म्हटलं. १०० च्या आसपास पुन्हा सगळं पांढरं. तेव्हा डिसिजन हाइट मागे गेलेली असते. मग?

तीनअंश

गो-अराउंड, लगेच. खूण दिसणं ही २०० फुटांपुरती अट नाही, चाकं टेकेपर्यंत ती कायम दिसत राहिली पाहिजे. जमिनीलगत पातळ धुकं असेल तेव्हा नेमकं हेच होतं: वरून तिरपं बघताना धावपट्टी लख्ख दिसते, कारण नजर धुक्याचा थोडाच थर छेदते. थरात शिरल्यावर नजर आडवी होते आणि त्याच धुक्याचा लांब पट्टा आड येतो. शिरताना पुढचे दिवे एकदम गेल्याने नाक वर गेल्याचा भास होतो आणि हात पुढे ढकलला जातो. तिथे खाली जायचा वेग मिनिटाला हजार फुटांवर गेला तर सावरायला उंची उरत नाही.

म्हणून कॅट एकला आरव्हीआर काठावर असेल तर ब्रीफिंगमध्येच ठरवून घ्या: डिसिजननंतर खूण गेली की ज्याच्या लक्षात आधी येईल त्याने 'गो-अराउंड' म्हणायचं आणि दुसऱ्याने वाद न घालता करायचं. १४० नॉटच्या वेगाला तीन अंशांवर सेकंदाला साधारण १२ फूट उंची जाते. १०० फुटांपासून चाकं टेकायला आठेक सेकंद आहेत, त्यातले दोन विचारात गेले तरी चालत नाहीत. लँडिंग लाइट दाट धुक्यात बंद ठेवा, नाहीतर स्वतःच्याच दिव्याचा झोत पांढऱ्या भिंतीसारखा परत डोळ्यांवर येतो. आणि पॉवर लावल्यावर चाकं क्षणभर टेकली तरी घाबरून पुन्हा बसवू नका, गो-अराउंड तसाच पूर्ण करा.